हेल्मेटमधला आवाज

ही गोष्ट खरी आहे. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. रुकय्यासमोर मात्र नको. मागच्या मार्चपासून तिच्या घरात या विषयावर कोणी हसत नाही.

शनिवार होता. भर दुपार. अमिरातीतल्या रास अल खैमाच्या डोंगरातला रेस ट्रॅक. हवेत इतकी धूळ, की समोरचा डोंगर पुसून टाकल्यासारखा झाला होता.

रुकय्या मूळची रत्नागिरीची, राहायला अजमानला. तिचा धाकटा भाऊ राहिल स्टॉक कार चालवतो. बाहेरून साधी सेडान, आत लोखंडी पिंजरा आणि कानठळ्या बसवणारं इंजिन. आत जखडून बसलेल्या ड्रायव्हरला आजूबाजूचं धड दिसत नाही. म्हणून उंचावर उभं राहून रेडिओवर त्याचे डोळे व्हायचं, हे रुकय्याचं काम. याला स्पॉटर म्हणतात.

तिची जागा चढाच्या माथ्यावर होती. तिथे रस्ता चढतो आणि एकदम खाली कोसळतो. पलीकडे काय आहे, ते ड्रायव्हरला माथ्यावर आल्याशिवाय कळत नाही.

इतर टीम कान लावून बसतात, म्हणून ही भावंडं रेडिओवर घरच्या बोलीत बोलायची. अख्ख्या ट्रॅकवर ती बोली आणखी एकालाच कळायची. पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या थांबतात तिथे बसलेल्या फ्रान्सिसला. तो वसईचा, टीमचा मेकॅनिक.

शेवटचे काही लॅप उरले होते. राहिल सगळ्यांच्या पुढे होता.

आणि रेडिओ गप्प झाला...

रुकय्याने कपाळावर हात मारला. चार्ज केलेली बॅटरी अजमानला स्वयंपाकघरातच राहिली होती. सकाळच्या घाईत बाईसाहेबांनी जुनीच उचलून आणली होती. फोनला रेंज नव्हती.

तेवढ्यात माथ्यापलीकडे एक गाडी घसरली आणि रस्त्यात आडवी झाली.

ट्रॅकवरच्या मार्शलने धोक्याचा पिवळा झेंडा काढला. पण धुळीत तो तिलाच नीट दिसेना, तर राहिलला काय दिसणार?

खालून त्याचं इंजिन चढत येताना ऐकू येऊ लागलं...

"बाबू, थांब!" ती मेलेल्या रेडिओत किंचाळली. "पुढे गाडी आडवी आहे! थांब रे!"

आवाज वाढतच होता...

मग एकाएकी उतरला.

राहिलची गाडी माथ्यावर आली ती जवळजवळ रांगत. आडव्या गाडीपासून हातभर अंतर ठेवून बाजूने निघून गेली.

रुकय्या मटकन खाली बसली. अल्लाचे शुकर मानत राहिली. बॅटरीत थोडा जीव उरला असेल, असं तिला वाटलं. तिने पुन्हा बटण दाबलं.

दिवा लागला नाही...

रेस संपल्यावर ती धावतच पिटमध्ये आली. फ्रान्सिसचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने तिला बाजूला घेतलं.

"रुकय्या, तुझा रेडिओ बंद पडला होता ना?"

"हो, शेवटी शेवटी. का?"

"मग राहिल बोलत कोणाशी होता?"

तिने हातातल्या बंद रेडिओकडे पाहिलं.

"मीही त्याच चॅनलवर होतो. मला तुझा एक शब्द ऐकू आला नाही. नुसता हा. 'हो आपा... बरं आपा... थांबतो आपा...' मध्येच गप्प व्हायचा. कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा."



इतक्यात राहिल हेल्मेट काढत आला आणि त्याने तिला मिठीच मारली. "आपा, तू नसतीस ना, तर आज आपला गेम खलास होता!"

विषय तिथेच सोडावा, असं तिला फार वाटलं. पण राहवेना.

"बाबू... मी नेमकं काय बोलले?"

"म्हणजे काय? विसरलीस पण? म्हणालीस ना, 'बाबू, या वेळी तरी थांब.'"

फ्रान्सिसने छातीवर क्रूस काढला.

"आणि आपा..." राहिलचं हसू हळूहळू मावळलं. "तू एवढी रडत का होतीस?"

माथ्यावर रुकय्या किंचाळली होती, पण रडली नव्हती, आणि 'या वेळी तरी' हे शब्द तिचे नव्हते; हे तिने त्याला अजून सांगितलेलं नाही. राहिल पुढच्या सीझनच्या तयारीला लागलाय, आणि ती रोज काहीतरी नवं कारण काढून त्याला घरी अडकवून ठेवते. तिची कारणं आता संपत आली आहेत.