सालोफाची चटई

"बस. आणते मी."

आईचे हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा सहा वर्षांची होते. टळटळीत दुपार होती, ती इस्त्री करत होती. मला वाटलं, मलाच सांगतेय. मी पायरीवर जाऊन बसले. ऊन पायरीवरून अंगणात उतरलं, अंगणातून कुंपणापाशी गेलं. आईनं काहीच आणलं नाही. बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलंही नव्हतं.

हे आठवलं ते या जुलैत, न्यूझीलंडात, ओटाहुहूतल्या आमच्या स्वयंपाकघरात, वेलिंग्टनच्या सहलीची यादी करताना. वॉर्डातली पाळी संपवून मी नुकतीच घरी आले होते. पायातले मोजेही काढायचं त्राण नव्हतं. दोन दिवसांची रजा, तीन संग्रहालयं, आणि आम्ही तिघी: आई, मी, माझी नऊ वर्षांची लूपे. आईला काचबिंदू आहे. नाताळपर्यंत तिला उजेड आणि अंधार एवढंच कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी तिला एकच वस्तू बघायची होती. बंदराकाठच्या संग्रहालयातली एक चटई.

चटई तिच्या थोरल्या बहिणीनं, सालोफानं विणलेली. केवड्याच्या पानांची, मलमलीसारखी मऊ, काठाला तांबडी पिसं. आम्हा सामोआ बेटांवरच्या लोकांत अशी एक चटई विणायला वर्षं जातात, आणि ती पसरून बसायची नसते. लग्नात द्यायची, गेलेल्या माणसाबरोबर द्यायची. सालोफा बाविसाव्या वर्षी गेली. मग तिची चटई परक्या शहरातल्या कपाटात कशी, असं विचारलं की आई म्हणायची, "दिली कुणाला तरी," आणि उठून धुतलेलीच भांडी पुन्हा घासायला लागायची.

"पहिल्या दिवशी राक्षसी माकूळ," लूपे म्हणाली. "काचेच्या पेटीतलं, दहा हातांचं. मग चटई."

"आधी चटई," आई म्हणाली.

"आजी, चटई काय पळून जातेय?"

"आणि तुझं माकूळ कुठे पोहत निघालंय? मेलेलंच आहे ना ते?"

"बरं, आधी चटई. पण जेवण कुठल्या दिवशी? आईच्या यादीत ते नाहीच."

मी हसले असेन, नक्की आठवत नाही. आई कोकोचे पेले घेऊन आली आणि खिडकीजवळच्या खुर्चीपुढून जाताना कमरेत वाकली. हलकेच म्हणाली, "तुलोउ."

बसलेल्या माणसापुढून आम्ही ताठ जात नाही. वाकायचं, हा एक शब्द म्हणायचा, पुढे जायचं. खुर्चीवर कुणी नव्हतं. पाठीवर माझं जाकीट टाकलेलं होतं. आईला ते माणूस वाटलं असणार. मी जाकीट काढून आत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आई तशीच वाकली. तिसऱ्या दिवशी लूपेही.

"तू कुणापुढे वाकतेस गं?"

"आजी वाकते म्हणून." मग थोडं थांबून, "नाही वाकलं तर कसंतरीच वाटतं."

चटई संग्रहालयाच्या कोठारात असते. बघायची तर अर्ज करावा लागतो. तो मी वॉर्डातून आल्यावर भरला. उत्तर आलं, चौघांसाठी खोली राखून ठेवली आहे. मी अर्ज उघडून पाहिला. 'किती जण' पुढे मीच चार लिहिलं होतं. दमलेल्या माणसाच्या हातून काहीही होतं. मागच्या महिन्यात मी चहात मीठ घातलं होतं. दुरुस्त करू म्हटलं आणि केलं नाही.

निघायच्या आदल्या सकाळी मी धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन मागच्या दाराकडे चालले होते. अंग आंबलं होतं, डोळे मिटत होते. खुर्चीपुढून जाताना मी वाकले. शब्दही म्हटला. मग ओट्याला धरून उभी राहिले. आई आणि लूपे बाहेर होत्या. घरात वास येत होता, केवड्याची ओली पानं उन्हात वाळत घातल्यावर येतो तसा. न्यूझीलंडात मला तो कधी आला नव्हता.

वेलिंग्टनला वारा हाडात शिरत होता. आम्ही आधी चटईकडेच गेलो.

कोठाराशेजारची खोली लहान, पांढरी, गार. मध्ये लांब टेबल, भिंतीशी ओळीनं चार खुर्च्या. आम्ही तीन घेतल्या. दाराकडची रिकामी राहिली.

संग्रहालयातल्या रोझलिन नावाच्या गोऱ्या बाई मोठा सपाट ट्रे घेऊन आल्या. दारातून आत येताना, त्या रिकाम्या खुर्चीपुढे, त्या ट्रेसकट कमरेत वाकल्या. मग आमच्यापुढून ताठ चालत टेबलापाशी गेल्या.

"पाठ धरली बहुतेक," त्या ओशाळून म्हणाल्या.

लूपेनं माझा हात पकडला.

चटई उलगडली. साठ वर्षांनीही मऊ, मधाच्या रंगाची. एक काठ विणायचा राहिलेला. पट्ट्या सुट्या लोंबत होत्या. आईनं त्या चाचपल्या. ओठ हलत होते. एक खाली, एक वर. एक खाली, एक वर.

"उचलू?" तिनं विचारलं.

रोझलिन बाईंनी दाराकडे पाहिलं. "सांभाळून," त्या म्हणाल्या.

आईनं चटई दोन्ही हातांवर घेतली. चार पावलं चालली. वाकली. चौथ्या खुर्चीवर ती पांघरली.

इतकी मऊ चटई खुर्चीच्या बैठकीला टेकायला हवी होती.

टेकली नाही. गुडघ्यांवरून ओघळावी तशी पुढे ओघळली, आणि तशीच राहिली.



"आई," मी म्हटलं, "सालोफा मावशी कशी गेली?"

ती वळली नाही. सुट्या पट्ट्या कडेनं खोचत राहिली, झोपलेल्या माणसाचं पांघरूण खोचावं तशी.

"मी बोटीवर चढले तेव्हा ती गेली नव्हती. ताप होता. थंडी वाजते म्हणाली, माझी चटई दे. चटई माझ्या पेटीत होती. मिशनच्या मडमेला द्यायची ठरली होती, तिनं मला बरोबर इकडे आणावं म्हणून. सालोफा शोधायला उठायला लागली. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं." आईचा हात चटईवर थांबला. "म्हटलं, बस. आणते मी."