त्याला आत सोडायचं नाही

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. भर दुपारी, मावशीच्या केअर होममध्ये, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं. मला वाद घालायचा नाही.

मावशीला स्मृतिभ्रंश झाला होता. पोटच्या मुलाला, म्हणजे आमच्या दादाला, ती 'डॉक्टर' म्हणायची. ओळखायची फक्त माझ्या आईला, तिच्या थोरल्या बहिणीला. आई रोज चारला जायची आणि तिची वेणी घालून यायची.

दादाला ते खुपायचं. एक दिवस केअर होमच्या ऑफिसात सांगून त्याने आईच्या भेटी बंद केल्या.

"तू गेलीस की ती रडत बसते. आणि तिला काय कळतंय? अर्ध्या तासात विसरते."

आईने हात जोडले. दादा ढिम्म.

तरी ती रोज फाटकापर्यंत जायची. वॉचमन बिचारा बसायला खुर्ची द्यायचा, पण आत सोडायची त्याची हिंमत नव्हती.

त्याच खुर्चीत एका दुपारी आई गेली.

मनातल्या मनात मी दादाला जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या आठवड्यात मावशीला भेटायला गेले. ती खिडकीपाशी बसली होती. आणि पाठीवर...

ताजी, घट्ट वेणी.

"कुणी घातली?" मी सिस्टरना विचारलं.

"कुणीच नाही हो. आम्हाला तर त्या केसांना हातही लावू देत नाहीत."

मावशी खुदकन हसली. "ताई आली होती. म्हणाली, आता कोण अडवतंय ते बघतेच."



तेवढ्यात दादा आला. दारातच थबकला.

"आई कुठाय?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मावशी त्याच्यापासून दोन पावलांवर होती.

"सिस्टर, खोली रिकामी का? कुठे नेलंत तिला?"

त्याचा हात मावशीच्या तोंडासमोरून गेला...

तिची पापणीही हलली नाही.

तो ओरडत ऑफिसकडे धावला. मावशी माझ्या कानाशी आली. "ताई म्हणते, त्याला आत सोडायचं नाही."

खरं सांगते, मला बरं वाटलं.

दादाने डोळे तपासून घेतले, डॉक्टर बदलले. सगळं जग दिसायचं. फक्त त्याची आई नाही. शेवटी माझ्या दारात आला, दाढी वाढलेली.

"सिस्टरनी वेणीचं सांगितलं मला. तू सांग ना मोठ्या मावशीला, तुझ्या आईला. एकदाच भेटू दे म्हणावं."

"तू ऐकलं होतंस तिचं?" मी दार लावून घेतलं.

मग मावशी गेली. आम्ही सगळे पलंगाभोवती होतो. दादा धावत आला आणि वेड्यासारखा बघत राहिला. वहिनीने त्याचा हात धरून मावशीच्या कपाळावर ठेवला.

"ही तर नुसती उशी आहे गं," तो हमसून रडायला लागला. "मला दाखवा ना तिला..."

त्या क्षणी मात्र मला त्याची कीव आली. मी हळूच म्हणाले, "आई, पुरे. सोड त्याला."

खोलीत एकदम गारठा आला...

दादाने मान वर केली. माझ्या दिशेने बघत वहिनीला विचारलं, "ही कुठे गेली? आत्ता इथेच होती ना?"

मी त्याच्या समोरच उभी होते.

त्याला मी आजही दिसत नाही. आई मला त्याच्यापासून सांभाळतेय, की मध्ये बोलल्याची शिक्षा देतेय?

तिला विचारायचीही आता मला भीती वाटते.