टाकीतून आलेली ओ

ही घटना खरी आहे. मला ती नीट सांगता येईल की नाही, याचीच शंका वाटते. पण माझा मावसभाऊ आकाराम खोटं बोलणारा नाही.

साल २००३. पेठ वडगावच्या बाजूला एका साखर कारखान्याची डिस्टिलरी. उसाच्या मळीपासून तिथं पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल बनायचं.

रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

मळी आंबवायची टाकी रिकामी करून धुवायची होती. आंबताना सुटलेला वायू तळाशी दबा धरून बसतो. म्हणून पंख्यानं आत हवा सोडायची, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि वरच्यानं सारखी हाक मारत राहायचं. ओ आली नाही, की ओढायचं.

आत कृष्णात होता, आकारामच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दोर आकारामच्या हातात.

"दाजी, हाय का?"

"हाय की. तुझ्या भणीच्या हातचं खाऊन जगलोय, हितं काय मरतोय?"

कृष्णात कधी सरळ ओ द्यायचाच नाही. दर हाकेला नवा टोमणा.

मग लाईट गेली.

पंखा थांबला...

"दाजी, हाय का?"

"...हाय."

आवाज दाजींचाच. पण नुसतंच हाय.

"वर येताय न्हवं?"

"...हाय."

आकारामनं दोर ताणून धरला.

"दाजी, आमच्या आक्काचं नाव सांगा बघू."

मग...

"...हाय."

आकारामनं ओरडून माणसं गोळा केली आणि दोर ओढला. कृष्णात वर आला तो मान टाकलेला, ओठ निळे पडलेला.

तो वाचला. बेशुद्ध होऊन बराच वेळ झाला होता, असं कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले. कृष्णातला आठवतं ते एवढंच, की पंखा थांबला आणि पाय गळाले. पुढची एकही हाक त्यानं ऐकलेली नाही.

पण मला झोप लागत नाही ती पुढच्या गोष्टीनं.

कृष्णातला जीपमध्ये घालून सगळे गेले. झाकण लावायला आकाराम एकटाच मागं राहिला. त्यानं हाक मारली नव्हती.

तरी खालून आलं...

"हाय."

त्यानं झाकण लावलं.

टाकी नवी होती. तिच्यात कधी कोणी दगावलं नव्हतं.

आकाराम भुताखेताचं काही बोलत नाही. भेटला की चहा गार होऊ देतो आणि दर वेळी एकच विचारतो.

"दादा, दोर आनखी एकदा खाली सोडाय पायजे हुता का?"