वेदनापट्टी शून्यावर

डॉ. रेवती म्हेत्रे चाकांच्या खुर्चीतून प्रयोगशाळेत शिरल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते एसीबद्दल.

“नसरीन, मरायची परवानगी मागायला आलेय. गारठून मरायला नाही.”

तंत्रज्ञ नसरीन बागवान हसत उठली आणि तिनं एसी कमी केला. सोलापूरची ही प्रयोगशाळा म्हेत्रेबाईंनीच उभी केलेली. कोपऱ्यातलं कपाटाएवढं यंत्रही त्यांचंच. फरक एवढाच की आज त्या यंत्राच्या मालकीण नव्हत्या, गिऱ्हाईक होत्या. स्वादुपिंडाचा कर्करोग मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी फार तर दिवाळीपर्यंतची बोली केली होती, आणि मणक्यातली कळ आत्ताच औषधांना जुमानेनाशी झाली होती.

त्यांचा अर्ज साधा होता. मी म्हणेन त्या दिवशी मला जाऊ द्या. इच्छान्त कायद्यानं हा हक्क प्रत्येक असाध्य रुग्णाला दिला होता. देताना सरकारनं नेहमीसारखं हक्काच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली एका मंडळाच्या खिशात टाकली, ही गोष्ट वेगळी.

मंडळाचे अध्यक्ष डॉ. शिवयोगी बिराजदार समोर बसले होते. मेंदूविकारतज्ज्ञ, सरळ माणूस, आणि कॉलेजात बाईंच्या शेजारच्या बाकावरचा. ओळखीच्या माणसाचा अर्ज अध्यक्षानं तपासू नये असा नियम होता. पण राज्यातले निम्मे मेंदूवाले बाईंचे विद्यार्थी होते आणि उरलेल्यांना बाईंनी कधी ना कधी झापलेलं होतं, म्हणून तो नियम गुंडाळून ठेवावा लागला.

“रुग्णाला प्रक्रिया तोंडी समजावून सांगणं बंधनकारक आहे,” बिराजदार म्हणाले.

“मला?”

“नियम आहे, रेवती.”

“सांग की मग. तुला तरी कळलीय का बघू.”

बिराजदारांनी घसा साफ केला. “तुझ्या मेंदूची हुबेहूब चालती नक्कल यंत्रात तयार होईल. तिला प्रतिमन म्हणतात. तुझ्या आठवणी, तुझा स्वभाव, तुझा आजार, सगळं त्यात असेल. मग आम्ही त्याला कालवेग देऊ. तुझे उरलेले महिने ते एका दुपारीत जगून काढेल. दर महिन्याच्या टप्प्यावर आम्ही त्याला विचारू, जगायचंय का. त्याचा शब्द तो तुझा शब्द.”

“पास,” बाई म्हणाल्या. “आता हे सांग, माझ्याशी नुसतं बोलून का भागत नाही?”

“कारण पहिल्या वर्षी आम्ही नुसतं बोललो होतो. एका म्हाताऱ्यानं हसत सही केली. नंतर कळलं, मुलांना त्याची जागा बिल्डरला द्यायची होती. मी स्वतः परवानगी दिली होती, रेवती. तो माणूस अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.”

बाईंनी यावर टोमणा मारला नाही. “तुझी भीती खरी आहे,” त्या म्हणाल्या. “पण उपाय पळपुट्याचा आहे. मुलांना बाहेर काढून त्या म्हाताऱ्याजवळ चार दिवस बसायला हवं होतं. तेवढा वेळ तुमच्यापैकी कुणाकडे नव्हता, म्हणून माझं यंत्र आणलंत. बरं, यंत्र आणल्यापासून किती जणांना परवानगी दिली?”

“एकालाही नाही. प्रत्येक प्रतिमन म्हणालं, जगायचंय.” बिराजदारांच्या आवाजात थोडा अभिमान होता. “माणसाला जगणं फार प्रिय असतं.”

बाईंनी डोळे बारीक केले. “नसरीन, वेदनापट्टी कितीवर असते गं?”

“शून्यावर, मॅडम. प्रतिमनाला काही दुखू द्यायचं नाही, असा मंडळाचा ठराव आहे.”

आणि बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मणक्यातून कळ गेली, तरी हसतच राहिल्या.

“शिवा, अरे गाढवा. दात दुखतोय माझा, आणि काढू का म्हणून विचारतोस कवळीला?”

“यात हसण्यासारखं काय आहे? एका जाणिवेला महिनोन् महिने यातना देणं क्रूरपणा आहे.” त्यांनी ठराव वाचून दाखवला. “‘प्रतिमनास रुग्णाइतकीच जाणीव असते. सबब ते रुग्णच मानावे व त्यास वेदना देऊ नये.’”

“कुणी लिहिलं?”

“मी.”

“छान लिहिलंयस. मनापासून सांगते. पण कायद्यात शब्द आहे ‘हुबेहूब’. ज्यांना दुखत नव्हतं त्यांना विचारून तुम्ही दुखणाऱ्यांना घरी पाठवलंत. किती जणांना, ते तू रात्री झोपताना मोज. माझी पट्टी उघड.”

बिराजदारांचा चेहरा उतरला. माणूस खोटा नव्हता. खोट्या माणसाशी भांडणं सोपं असतं. सज्जन माणूस दया करता करता गळा दाबतो आणि वर तुमच्यासाठी रडतो.

“पण त्या प्रतिमनाची संमती?”

“ती मीच आहे की. आज इथं बसून मी हो म्हणतेय, म्हणजे जागी झाल्यावर तिला आठवेल की तिनंच हो म्हटलं होतं. नसरीन, उघड गं.”

नसरीननं अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

नक्कल उतरायला तासभर लागला. तेवढ्यात बाईंनी कडक भाकरीचा तुकडा शेंगा चटणीशी खाल्ला आणि मीठ कमी असल्याची तक्रार केली. मग आवाजपेटी खरखरली.

“पहिला टप्पा,” नसरीन म्हणाली.

“बरी आहे,” पेटीतून बाईंचाच आवाज आला. “दुखतंय, पण शिवाचं भाषण ऐकण्यापेक्षा कमी. जगते अजून.”

“मी इतकी खवट बोलते?” खुर्चीतल्या बाईंनी विचारलं.

“याहून जास्त, मॅडम,” नसरीन म्हणाली.

दुसऱ्या टप्प्याला प्रतिमनानं नव्या नर्सची नक्कल करून दाखवली, आणि बिराजदारही हसले. तिसऱ्याला आवाज सावकाश आला. “पाठ म्हणजे काय, ते मला आत्ता कळलं,” प्रतिमन म्हणालं. “इतकी वर्षं नुसती टेकायला वापरली.”

चौथ्या टप्प्याला नसरीनला दोनदा विचारावं लागलं. मग हळू, सपाट आवाज आला.

“शिवा. बंद कर.”

बिराजदार पुढे सरकले. “अजून दोनच टप्पे आहेत. नियमानं धाव अर्ध्यात थांबवता येत नाही, तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. आता पुरे.”

“औषधाची मात्रा वाढवली तर—”

“वाढवून झाली.”

“नक्की, रेवती?”

“तुला चिडवायला काही सुचेना झालंय. यावरून समज.”

थांबकळ अध्यक्षांच्याच हाताखाली असते. बिराजदारांनी खुर्चीतल्या बाईंकडे पाहिलं नाही, ठरावाकडे पाहिलं नाही. त्यांनी कळ दाबली. पेटीवरचा दिवा विझला.

खुर्चीतल्या बाई पांढऱ्या पडल्या होत्या. नसरीननं पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी पदरानं ओठ टिपले. “वाईट आहे रे हे. मला वाटलं होतं त्याहून वाईट. बरं झालं, तू लवकर दाबलीस.”

“आता निकाल कसा देऊ?” बिराजदार पुटपुटले. “धाव अपुरी राहिली. तुझा अर्ज बाद होतो.”

“निकाल तू दिलास.”

“कुठं?”

“प्रतिमन हे रुग्णच मानावं, हे तुझंच वाक्य. त्या रुग्णानं तुझ्याकडे मरण मागितलं आणि तू दिलंस. यंत्र आणल्यापासूनची मंडळाची पहिली परवानगी. अभिनंदन.”

बिराजदार ताडकन उठले. “ती वेगळी गोष्ट होती.”

“वेगळी कशी? तिची इच्छा खरी की खोटी, हे तपासायला तू तिचं प्रतिमन का नाही काढलंस? आणि त्या प्रतिमनाचं प्रतिमन? नियमानं काढायला हवं होतंस.”

“अगं, प्रतिमन कशाला काढू? ती स्वतः सांगत होती की—”

ते वाक्यातच थांबले.

बाई गालातल्या गालात हसत होत्या, पण त्यांनी घाई केली नाही. बिराजदार खाली बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

“तू मला सापळ्यात अडकवलंस.”

“तू चांगला माणूस आहेस, एवढ्यावरच विसंबले होते. वाईट असतास तर हरले असते आणि दिवाळीपर्यंत बोंबलत बसले असते.”

“आणि तो बिल्डरवाला म्हातारा? तसं पुन्हा झालं तर?”

“तर माणसांजवळ बसायला शिक. माझ्याजवळ बसलास तसा. दुपारभर बसलास, मारामारी केलीस, आणि शेवटी बरोबर ऐकलंस.”

नसरीननं पडद्यावर निकालपत्र उघडलं. “सर, परवानगी कशाच्या आधारे, ते भरावं लागतं. इथं एकच पर्याय आहे, ‘प्रतिमनाच्या कौलानुसार’. दुसरं काही येत नाही.”

“तो खोडता येतो?”

“तुमच्या सहीनं येतो.”

“मग खोड, आणि लिही,” बिराजदार म्हणाले. ते नसरीनला सांगत होते, पण बघत होते बाईंकडे. “लिही, बाईंना विचारलं. बाई हो म्हणाल्या.”