बोळातली हेराल्ड

"पाच फूट!" गाडीच्या पोटाशी टेप धरून दानिश ओरडला. "आणि बोळ?"

"साडेतीन!" बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या अर्फाने उत्तर दिलं.

"मग ही आत आली कशी?"

त्याचं उत्तर मिरजेच्या त्या गल्लीत कोणाकडेच नव्हतं. अर्फाच्या घरी तीन पिढ्या तानपुरे बनत होते. कारखान्यामागच्या चौकात, सुकत घातलेल्या भोपळ्यांच्या शेजारी, एक जुनी फिकट निळी मोटार उभी होती. चौकाला चारही बाजूंनी दगडी भिंती, आणि बाहेर जायला तो एकच बोळ! पण तेरा वर्षांच्या अर्फाला हा प्रश्न आजवर कधी पडलाच नव्हता. त्या गाडीवर मिरच्या वाळवतात, एवढंच तिला माहीत होतं.

प्रश्न पडला तो साईराजमुळे. तो विट्याहून सुट्टीला शेजारच्या मावशीकडे आला होता आणि मोटारींसाठी वेडा होता. पण त्याला गाडी दिसली त्याच दिवशी अजहरचाचांनी सांगून टाकलं, "उद्या तो गुंडा भंगारवाला येतोय. गॅस कटरने कापून नेईल. इथे मला शेड घालायचीय."

अब्बा तानपुरे पोचवायला पुण्याला गेले होते, सोमवारपर्यंत येणार नव्हते. घरात शब्द चालत होता चाचांचा.

"कापणार?" साईराजचा चेहराच उतरला. "अगं, ही स्टँडर्ड हेराल्ड आहे! मूळची इंग्लंडची, आराखडा काढला इटलीतल्या तुरीनच्या माणसानं, आणि आपल्याकडे मद्रासला बनायची. लंडनच्या टॅक्सीसारखी इवल्याशा जागेत गर्रकन वळते!"

"बोळातून वळत नाही ना!" अर्फाचा धाकटा भाऊ दानिश म्हणाला. तो दहा वर्षांचा होता आणि नेमकं बोलायचा.

तिघं जीनतदादीकडे गेली. दादी तांदूळ निवडत होती.

"मला काय विचारता? अजहरच्या वेळी मी माहेरी वडूजला होते. सव्वा महिन्याचं बाळ घेऊन परत आले, तर ही चौकात उभी! पुण्याच्या एका गवयानं तुमच्या दादांना भेट दिलेली. आत कशी आणली विचारलं, तर नुसते हसायचे. पुढच्याच वर्षी त्यांच्या हाताला कंप सुटला. मग हसणं थांबलं आणि गाडी तशीच राहून गेली."

"क्रेननं उतरवली असेल?" दानिशने विचारलं.

"या गल्लीत ट्रक येईना, क्रेन कुठून यायची!"

मुलांनी भिंती तपासल्या. बुजवलेलं दार कुठेच नव्हतं. शेवटी साईराज बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते.

"अर्फा! इकडे ये! तळाला मधोमध सांधा आहे. बोल्टच बोल्ट!"

अर्फा शेजारी सरकली. गंजाच्या थराखाली एक रेघ आडवी गेली होती. तिने ओढणीने तो पत्रा पुसला आणि तिचा हात थांबला. सांध्याच्या एका बाजूला कानशीने पाडलेल्या तीन बारीक खाचा होत्या. पलीकडच्या पत्र्यावरही तीनच. थोडं पुढे चारासमोर चार.

"हे दादांचं काम आहे," ती हळूच म्हणाली. "एका भोपळ्याची तबली, म्हणजे वरचं लाकडी झाकण, दुसऱ्यावर बसू नये म्हणून आमच्याकडे दोन्हींवर अशाच खाचा पाडतात. साईराज, त्यांनी ही गाडी सुटी करून आणली! आणि इथे जोडली!"

"जमलं असणारच!" साईराज उठायला गेला आणि त्याचं डोकं आपटलं. "आई गं! तेव्हा युरोपात छोट्या गाड्या एका अखंड डब्यासारख्या बनायला लागल्या होत्या. मिनी तशीच, छोटी फियाट तशीच. पण हेराल्डवाल्यांचे पत्रे दाबून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतला. मग त्यांनी जुन्या पद्धतीचा सांगाडा केला आणि वर लहान लहान भाग बोल्टनं बसवले. मी वाचलंय हे सगळं, पण असा कोणी उपयोग करील असं डोक्यातच आलं नाही!"

दानिश चाचांना सांगायला धावला. अर्फाने त्याची कॉलर धरली. "आता नाही. आधी त्यांच्याकडून शब्द घ्यायचा."

सकाळी गुंडा आला. बरोबर दोन माणसं आणि सिलिंडर. भोपळ्यांपासून चार हातांवर त्याने नळी जोडायला घेतली.

"चाचा," अर्फा म्हणाली, "ही न कापता बोळातून बाहेर निघाली तर?"

चाचा खो खो हसले. "निघाली तर तुझी! मग शेड पण तू म्हणशील तिथे घालू."

"गुंडामामा, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं की, पोरी. पन निघायची न्हाई ती."

"दोन दिवस द्या. आणि ते सिलिंडर आधी बाहेर न्या. इथे लाखेचे डबे आहेत, वाळलेले भोपळे आहेत. एक ठिणगी पडली तर शेडला जागाच जागा होईल!"

गुंडाने आजूबाजूला पाहिलं आणि सिलिंडर उचललं. चाचांचं हसू तिथेच ओसरलं.

मग साईराजने पुढच्या टोकाला हात घातला. दोन्ही मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढच्या बाजूला उलटं उघडलं! गुंडा चटकन वाकला.

"आयला! बिजागरीवर हाय व्हय ही!"

गंजलेल्या बोल्टांवर डिझेल सोडलं. काही सुटले, काहींनी दिवस खाल्ला, चार तुटलेच. अर्फा प्रत्येक भागाची नोंद वहीत करत होती. छप्पर बोळातून बाहेर गेलं, बॉनेट उभं करून गेलं, मागचा अर्धा भाग कुशीवर गेला. सोडवता सोडवता गुंडाच रंगात आला. "कापायपेक्षा ह्यात लय मजा हाय गड्या!" चाकं आणि इंजिन काढलेला सांगाडा सहा जणांनी एका कुशीवर धरला. तो बोळात एकदा अडकला.

"डावं टोक वर घ्या!" अर्फा ओरडली. लोखंड भिंतीला खरवडत गेलं, आणि सांगाडा बाहेर!

सोमवारी संध्याकाळी अब्बा गल्लीत शिरले, तेव्हा रस्त्यावर हेराल्ड पुन्हा जोडून उभी होती आणि भोवती निम्मी गल्ली जमली होती. त्यांनी मुलीची वही पानापानाने चाळली.

"हे तू लिहिलंस?" एवढंच त्यांनी विचारलं. वही मात्र त्यांनी परत दिली नाही, खिशात जपून ठेवली.

"माझी चूक झाली," चाचा म्हणाले. "डोकं या तिघांनी चालवलं. मी नुसता हसलो."

जीनतदादीने तिघांच्या पाठीवर हात फिरवला. "शाबास! तुमच्या दादांना सव्वा महिना लागला होता. तुम्ही चार दिवसांत केलंत."

तिने पुढचं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. इंजिन चालू व्हायला अजून अवकाश होता. मग अब्बा, चाचा, गुंडा आणि तिन्ही मुलांनी मिळून धक्का दिला, आणि जीनतदादी पहिल्यांदाच त्या गाडीतून निघाली.