मेथीची पूड आणि अर्धी गोळी

"ही पूड तुम्हीच दिलीत ना?"

वियामने पुडी अशी आपटली की तराजूचं पारडं हेलकावलं. फेस शहरातल्या जडीबुटीवाल्यांच्या गल्लीतलं हे दुकान एखाद्या म्हाताऱ्याचं असेल, अशी तिची समजूत होती. समोर निघाला बाह्या दुमडून दालचिनी कांडणारा तिशीतला तरुण.

"आधी सलाम तरी करा..."

"सलाम गेला चुलीत! माझी मावशी काल हम्माममध्ये अंघोळ करताना कोसळली. साखर अडतीस! मी वेळेवर पोचले नसते तर—" आवाज कापला, म्हणून तिला आणखीच राग आला.

त्याच्या हातातला बत्ता थांबला. "बतूलखाला? कशा आहेत आता?"

"जिवंत आहे. तुमच्या कृपेने नव्हे."

"मी दोनदा विचारलं होतं, साखरेच्या गोळ्या चालू आहेत का. नाही म्हणाल्या." आता त्याचाही आवाज चढला. "तुम्ही त्यांची डॉक्टरीण भाची ना, एका घरात राहता. तुम्ही कधी विचारलंत, मेथी घेतेस का म्हणून?"

वियामने पुडी परत उचलली. विचारलं नव्हतंच. उलट मागच्याच आठवड्यात तिने गोळी वाढवली होती.

दुसऱ्या दिवशी तो वियामच्या दवाखान्यात हजर. नाव थामी. पुडीत काय काय आणि किती, ते त्याने कागदावर लिहून आणलं होतं. खाटेवरून बतूलखाला म्हणाली, "हिला सांगितलं असतं तर हिने घर डोक्यावर घेतलं असतं. ह्याला सांगितलं असतं तर ह्याने पूड दिली नसती. मग मी दोघांनाही थापा मारल्या."

"खाला!" दोघं एकदमच ओरडले. मग एकमेकांकडे बघून आणखी चिडले.

शेवटी ठरलं – गोळी अर्धी, पूड मोजून एकच चमचा, साखर रोज दोनदा तपासून वहीत लिहायची. दर गुरुवारी थामी यायचा, बाकीचे रोगीही त्याला आपापल्या पुड्या दाखवायचे, आणि दर गुरुवारी भांडण व्हायचं.

"चिमूटभर म्हणजे किती? ग्रॅममध्ये सांगा."

"माझी चिमूट की तुमची? तुमची बोटं नाजूक आहेत..."

"बोटांकडे बघू नका, आकड्यांकडे बघा!"

आकडे सुधारत गेले. दीड महिन्यात खालाची साखर जागेवर आली.

आणि एका गुरुवारी मोठ्या डॉक्टरांनी थामीला सगळ्या रोग्यांसमोर बाहेर काढलं. "इथे बाजार भरवायचा नाही." वियाम शेजारीच उभी होती. तोंडातून शब्द फुटला नाही तिच्या.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही.

वियाम घरात भांडी आदळत राहिली. मग एका सकाळी तिने खालाची वही मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "रोगी काय खातात ते आपल्यापासून लपवतात, कारण आपण ओरडतो. त्या माणसापासून लपवत नाहीत. त्याला परत बोलवा, नाहीतर पुढचा रोगी कोसळला की जबाबदारी तुमची." डॉक्टरांनी वही शेवटच्या पानापर्यंत चाळली. मग एवढंच म्हणाले, "बोलवा."

बाहेर रिपरिप लागली होती. ती भिजतच दुकानात शिरली.

"आला का नाहीस तू?"

"त्या दिवशी तुम्ही गप्प उभ्या होतात."

"होते. चुकलं माझं. आज भांडून आलेय. गुरुवारपासून यायचं आहेस."

त्याने मान वर केली. "आत्ता... 'तू' म्हणालात मला."

"रागात म्हणाले!"

"मग राग जाऊ देऊ नका."

"जातोय कुठे तो!" तिचे डोळे भरले, आवाज मात्र चढलेलाच. "समोर असलास की येतो, नसलास की दुप्पट येतो. दोन आठवडे घास उतरला नाही माझ्या घशाखाली... कळतंय का काही?"

थामीने हळूच बत्ता खाली ठेवला. छत्री घेतली आणि दुकानाची फळी ओढली.

"कुठे निघालास?"

"तुझ्या खालाकडे. मागणी घालायला."

"मला न विचारता?" ती भडकली.

"विचारतोय की. रस्ताभर विचारतो."

ती फणकाऱ्याने पुढे निघाली. मात्र दहाएक पावलांवर तिची चाल मंदावली... छत्री डोक्यावर येईपर्यंत.