पडदेवाली

"टाक इथे फाईल, दोन मिनिटांत एक्सेल शीट हातात," असं म्हणत झेरॉक्सवाल्या काकांनी कुठलीशी वेबसाइट उघडली, आणि तिने झपकन पेन ड्राइव्ह उपटून घेतला.

"अगं, बँकेचं स्टेटमेंटच ना? त्यात काय एवढं?"

"माझं आहे, काका. कुणा अनोळखी साइटच्या घशात नाही घालायचं."

"बरं केलंत," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. पावसाच्या सरीत भिजलेला, आणि कुणाचा तरी कीबोर्ड तान्ह्या बाळासारखा छातीशी धरलेला.

"तुमच्याच लॅपटॉपवर होईल ते. नेट बंद ठेवून. फाईल उंबरासुद्धा ओलांडणार नाही."

"आणि तुम्ही सगळं वाचणार."

"नाही. मी पाठ करून बसेन."

"पाठ करणार? मग तर कल्याणच."

"अहो, पाठ फिरवून…" त्याचे कान लाल झाले. तिला हसू आवरेना.

ती पडदे शिवायची. गल्लीभर तिला पडदेवालीच म्हणत. मोठ्या मशीनसाठी तिला कर्ज हवं होतं, आणि कर्ज देणाऱ्यांना वर्षभराचे व्यवहार शीटमध्ये हवे होते. पण त्या व्यवहारांत एक ओळ दर महिन्याला होती. बाबांच्या जुन्या भागीदाराला ती गुपचूप पैसे पाठवायची, आणि तो ते "तुझा हिस्सा" म्हणून बाबांच्या हातात ठेवायचा. त्या हिश्शावर बाबा ताठ मानेने घर चालवत. झेरॉक्सवाले काका म्हणजे बाबांचे पत्त्यांतले जोडीदार. तिने ठरवलं होतं, मशीन येईल, पण बाबांची मान खाली जाऊन नाही.

संध्याकाळी दुरुस्तीवाला तिच्या दुकानात आला. छोटासा प्रोग्राम टाकला, नेट बंद केलं, खुर्ची खिडकीकडे फिरवली.

"आता पडद्यावर डावीकडे बटण दिसेल."

"कुठल्या पडद्यावर? इथे बावन्न लटकलेत."

"ज्याच्याकडे मी बघत नाहीये, त्या."

तिने बटण दाबलं. शीट आली… आणि सगळा गोंधळ. लांबलचक तपशील मोडून खालच्या ओळीत पडलेले, रकमा एकीकडे, नावं भलतीकडे.

"वाचून दाखवा. आकडे सोडून, नावं सोडून."

"मग उरलं काय? स्वल्पविराम?"

तो खळखळून हसला. पण वळला नाही. शीट एकदा दाखवली असती तर काम चुटकीसरशी झालं असतं. ती दाखवेना, तोही बघू म्हणेना. तपशिलाची तुटकी ओळ वरच्या ओळीला कशी जोडायची, ते तो खिडकीला सांगत राहिला, आणि ती ओठ दाबून एकेक ओळ जोडत राहिली… कापडाला कापड जोडावं तशी.

"एक सांगू?" तो मध्येच म्हणाला. "या पडद्याची एक चूण उलटी पडलीय."

तिचा हात थांबला. तो पडदा कधीपासून तिथे होता, पण ती चूण कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, पुन्हा खिडकीकडे तोंड. तिसऱ्या दिवशी ती दार वाजायच्या आधीच केस नीट करत होती — आणि स्वतःवरच चिडत होती. काम तर संपतच आलं होतं.

मग शेवटच्या ओळीची शिल्लक स्टेटमेंटशी जुळली. पैशापर्यंत. तिने पुन्हा एकदा ताडून पाहिलं. बरोबर.

"जुळलं," ती हळूच म्हणाली.

"वा. म्हणजे… माझं काम झालं." तो उठला नाही. "ती चूण अजून उलटीच आहे."

"राहू दिलीय मुद्दाम. तुम्हाला बघायला काहीतरी नको?"

"तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, मला काही जाणून घ्यायचंय का म्हणून."

"घ्यायचंय?"

"त्या फाईलमधलं नाही," तो खिडकीला म्हणाला.

तिने फाईल मिटली. लॅपटॉप मिटला. उठून त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"वळ," ती म्हणाली.

वळा नाही. वळ.

त्याने आधी खिडकीलाच विचारलं. "बंद केलीस ना फाईल?"

"केली."

"मग बघू काय?"

"मला," पडदेवाली म्हणाली, आणि खुर्ची तिनेच फिरवली.